जिन्याच्या वळणावरचं पाणी

सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता तळमजल्यावरच्या बीजकक्षातलं उगवणीचं कपाट उघडण्यात आलं. आत सहा तबकड्या होत्या. एकाही दाण्याला कोंब फुटलेला नव्हता.

पाच तबकड्यांत ठिपक्यांचा घेवडा होता. सहावीत बाजारातला साधा घेवडा, ताडून पाहण्यासाठी ठेवलेला. ठिपक्यांचा उगवला नाही हे एक वेळ समजण्यासारखं होतं. तो जुना होता. पण बाजारातला घेवडा ओल्या फडक्यात बांधून विसरलात तरी दोन-तीन दिवसांत कोंब काढतो. तोही ढिम्म होता.

बुधवारी सकाळी बीजकक्षाच्या प्रमुख बाई वहिनींच्या दारात उभ्या राहिल्या.

वहिनी कुणा एकाच्याच वहिनी होत्या. तो एक, म्हणजे त्यांचा धाकटा दीर, शाळेत खेळाचा मास्तर होता. विमा कंपनीसाठी दाव्यांची चौकशी करण्यात वहिनींची हयात गेली. निवृत्तीनंतर त्यांनी तोच धंदा घरून सुरू केला. गाडी त्यांना चालवता येत नसे, म्हणून निवृत्त भावजी गाडी चालवत. ते चारचौघांत "वहिनी, वहिनी" म्हणत राहिले आणि बघता बघता अशील, वकील, पोलीस, सगळ्यांच्याच त्या वहिनी झाल्या.

"कुणीतरी माझे दाणे मारले," बाई म्हणाल्या. संशोधन संस्थेत त्यांना सगळे ताई म्हणत.

"बसा. दाणे कसले?"

"वडिलांचे. एका वर्षी मुळं कुजवणारा रोग आला आणि सगळा घेवडा बसला. एका बांधावरचे चार वेल तेवढे हिरवे राहिले. वडिलांनी त्यांचं बी धरलं. तेच हे. जगात दुसरीकडे कुठे नाही." ताई थांबल्या. "दर वर्षी जीव कमी होत चालला होता त्यांचा. वाटलं, आता नाही तर कधीच नाही. होते तेवढे सगळे लावले."

"सगळे?" भावजींनी न राहवून विचारलं.

"वडील सांगायचे, निम्मं बी नेहमी हातचं राखावं." ताईंनी नजर खाली घेतली. "माझी विद्यार्थिनीही तेच म्हणाली. मी तिला झापलं."

वहिनींनी विचारलं, "पाणी तपासलं?"

"तपासून घेतलं. क्षार नाहीत, धातू नाहीत, तणनाशक नाही, बुरशीनाशक नाही. पाण्यात पाण्याशिवाय काही नाही म्हणाले. टिपकागद नवा. कपाटाचं तापमान बरोबर. दाणे पाणी पिऊन टम्म फुगलेत आणि तसेच पडून आहेत."

"टाकले नाहीत ना?"

"हात होत नाही टाकायला."

"टाकू नका. संशय कुणावर?"

"संचालकांनी मामांना निलंबित केलंय. मामा म्हणजे आमचे प्रयोगशाळा परिचर. वरच्या मजल्यावरून काहीतरी चोरीला गेलंय, ते मामांनीच नेलं म्हणे. रखवालदाराने त्यांना कॅन घेऊन जिना उतरताना पाहिलंय. आता संचालक म्हणतात, एक चोरी केली तो दुसरं काहीही करेल."

"वर काय आहे?"

"अणुकेंद्र विभाग."

"काय चोरीला गेलं?"

"मला माहीत नाही. वरच्यांशी मी बोलत नाही."

"वरचे म्हणजे कोण?"

ताईंनी पदर सारखा केला. "माझा सख्खा भाऊ."

*

संस्थेच्या फाटकाबाहेर एक सिमेंटचा बाक होता. कालच निलंबित झालेले मामा कामाच्या वेळेला घरून निघाले होते आणि या बाकावर येऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, मांडीवर डबा.

वहिनी त्यांच्या शेजारी बसल्या. भावजी उभे राहिले.

"मामा, कॅन उतरवताना तुम्हाला पाहिलंय."

"पाहिलं असेल. उतरवला होता."

"त्यात काय होतं?"

"पाणी."

"कुठलं?"

मामांनी डब्याच्या झाकणावरून अंगठा फिरवला. "बाई, मी चोरी केली नाही. ताईंच्या दाण्यांना धक्का लागावा असं तर माझ्या स्वप्नातसुद्धा आलं नाही. यापुढे विचारू नका. शब्द दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शब्द कसला राहिला?"

"नोकरी जाईल तुमची."

"जाईल," मामा म्हणाले. "पेन्शनीला थोडकेच महिने राहिलेत, तेवढं वाईट वाटतं. घरी अजून बोललो नाही. म्हणून तर इथे येऊन बसलोय."

आत जाताना भावजी म्हणाले, "वहिनी, माणूस तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. काहीतरी लपवतोय."

"लपवतोय खरं. पण स्वतःसाठी लपवणारा माणूस इतका शांत बसत नाही, भावजी."

*

बीजकक्षात विद्यार्थिनी होती. डोळे सुजलेले. वहिनींनी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "मी ताईंशी भांडले होते, हे सगळ्यांना माहीत आहे. लावणीही माझ्याच हातची. म्हणजे मीच, नाही का?"

"तसं मला कुणी म्हणालं नाही. तू काय काय केलंस ते सांग."

"गेल्या आठवड्यात सोमवारी सकाळी आले. कॅन फ्रीजमध्ये असतो, शेवाळ धरू नये म्हणून. बघते तर आतलं पाणी गोठलेलं. हा फ्रीज म्हणजे वैताग आहे नुसता! कॅनच्या तोंडाशी बर्फाचं बूच बसलं होतं. सळीने ठोकलं तर ते उडून थेट बेसिनमध्ये. बेसिनभर पाण्यात तबकड्या बुडवून ठेवलेल्या. एखादी फुटली असेल म्हणून तळाशी हात घालून चाचपत बसले. बर्फ हाताला लागेपर्यंत बोटं बधिर झाली. मग कॅन उन्हात ठेवला, पाणी नेहमीसारखं कोमट झाल्यावर मोजून घातलं आणि कपाट बंद केलं. आठवडाभर उघडायचं नाही, हा ताईंचा दंडक."

"फ्रीजमध्ये आणखी काय असतं?"

"माझी प्यायच्या पाण्याची बाटली."

"ती गोठली होती?"

मुलगी थबकली. "नाही. कॅनला चिकटूनच होती. एकाच कोपऱ्यात जास्त गार होत असेल."

वहिनींनी फ्रीज उघडला. आतल्या तापमापकाचा पारा दोनवर होता. "भावजी, हा कॅन टेबलावर घ्या. आणि तो खालचा, धुण्याच्या पाण्याचा, तोही."

भावजींनी एका हातात एक, दुसऱ्या हातात एक असे दोन्ही कॅन उचलले आणि चेहरा कसनुसा केला. "आता वय झालं. उंच उडीत हा डावा खांदा निखळला होता, तो अजून दगा देतो. डाव्या हातात पाणी कमी, तरी तोच खाली ओढतोय."

"डाव्या हातात कुठला कॅन आहे?"

"फ्रीजमधला."

वहिनींनी तो कॅन हलवून पाहिला. आत पुन्हा बर्फ धरला होता, म्हणून तो वितळेपर्यंत कॅन उन्हात ठेवायला लावला. दोन सारख्या वाट्या मागवून त्यांनी एकीत फ्रीजमधल्या कॅनचं पाणी ओतलं, दुसरीत धुण्याचं. दोन्ही वाट्या फ्रीजच्या एकाच कप्प्यात शेजारी शेजारी ठेवल्या.

"हे डिस्टिल्ड पाणी तुम्हाला मिळतं कुठून?"

"आमचं यंत्र आहे ना, मागच्या खोलीत," ताई दारातून म्हणाल्या. "मामा चालवतात. दर शनिवारी कॅन भरून फ्रीजमध्ये ठेवतात. गेल्या शनिवारी कॅनमध्ये पाणी शिल्लक होतं म्हणून भरला नाही, एरवी आजवर त्यात खंड नाही."

मागच्या खोलीत भावजी पुढे झाले आणि तोंडावर हात मारत मागे सरले. "कोळ्याने जाळं केवढं विणलंय! थेट नळीच्या तोंडापासून भिंतीपर्यंत."

वहिनींनी यंत्राची वायर हातात घेऊन शेवटपर्यंत चाचपली. टोकाला पिनच नव्हती. उघड्या तारांवर चिकटपट्टी गुंडाळली होती आणि तीही पिवळी पडून सुटत आली होती.

*

वर जाणाऱ्या जिन्याला नुकताच रंग दिला होता. वास अजून नाकात जात होता. पायऱ्यांवर रंगाचे थेंब उडालेले. भावजी बुटांना काही लागू नये म्हणून पाय उचलून उचलून टाकत होते.

दोन मजल्यांच्या मधल्या वळणावर वहिनी थांबल्या. कोपऱ्यातल्या फरशीवरही रंग उडाला होता. फक्त एक चौकोन तेवढा स्वच्छ होता. कुणीतरी झाकून ठेवल्यासारखा.

"काय आहे, वहिनी?"

"काही नाही. इथे काहीच नाही, तेच बघतेय."

वरच्या प्रयोगशाळेतही भिंती कोऱ्या दिसत होत्या आणि रंगासाठी हलवलेलं सामान अजून धड जागेवर गेलेलं नव्हतं. सर, म्हणजे ताईंचे थोरले बंधू, खिडकीकडे पाठ करून बसले होते. डोळ्यांना काळा चष्मा.

"उजेड सोसत नाही," ते म्हणाले. "मोतीबिंदू काढला. गेल्याच्या गेल्या गुरुवारी उजवा झाला. डावा व्हायचाय, त्याला पूर्वीपासूनच धुरकट दिसतं. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. काल मंगळवारी कामावर आलो, तर इथे हा गोंधळ." आणि लगेच विचारलं, "दाणे टाकले का हो तिने?"

"नाही टाकले."

सरांनी मान हलवली. "मामा निर्दोष आहे. मी संचालकांना तेच सांगितलं."

"कशावरून?"

"मी ओळखतो त्याला."

"तक्रार तर तुमच्याच विभागाची आहे."

"माझ्या सहायकाने केली. सोमवारी. मी रजेवर होतो."

"चोरीला काय गेलं?"

"जड पाणी. एक कॅन भरेल इतकं."

"म्हणजे बोअरचं?" भावजींनी विचारलं.

सर किंचित हसले. बऱ्याच दिवसांनी हसले असावेत, असं भावजींना वाटलं. "नाही हो. ते नुसतं क्षारांचं. हे वेगळं. असं बघा, कोणताही अणू घ्या, मध्यभागी त्याचं केंद्र. केंद्रात प्रोटॉन असतात, त्यांच्यावर विजेचा भार असतो. अणू कोणाशी जोडला जाणार, कोणाशी नाही, त्याचा स्वभाव म्हणा ना, तो या प्रोटॉनच्या संख्येवर ठरतो. कार्बनच्या केंद्रात सहा प्रोटॉन. सहाचे सात झाले की तो कार्बनच राहत नाही, नायट्रोजन होतो."

"बरं."

"त्यांच्या जोडीला केंद्रात न्यूट्रॉन असतात. त्यांना भार नाही. स्वभावात ढवळाढवळ नाही. नुसते बसून असतात. कार्बनमध्ये कधी सहा, कधी सात, कधी आठ. तिन्ही कार्बनच, वागणूक तीच, वजन तेवढं निराळं. त्यांना समस्थानिकं म्हणतात."

"सख्खी भावंडं," भावजी म्हणाले.

सरांनी चष्मा सारखा केला. "म्हणा तसं. आता हायड्रोजन घ्या. त्याच्या केंद्रात एकच प्रोटॉन, बाकी सगळं रिकामं. त्यात एक न्यूट्रॉन येऊन बसला तर? कार्बनमध्ये एक आला काय, गेला काय, फारसा फरक नाही. इथे वजन थेट दुप्पट. अशा हायड्रोजनचं पाणी ते जड पाणी. दिसायला तसंच, वासाला तसंच."

"किरणं वगैरे..." भावजी दोन पावलं मागे सरकले.

"नाही, घाबरू नका. ते केंद्र स्थिर आहे, फुटत नाही. दोन घोट प्यालात तरी काही होणार नाही."

"आणि फक्त तेच प्यायलं तर?" वहिनींनी विचारलं.

सरांनी टेबलावरची डोळ्यांच्या औषधाची बाटली उचलली, पुन्हा ठेवली. "जिवंत पेशींचं सगळं काम हायड्रोजनच्या देवघेवीवर चालतं. तो दुपटीने जड झाला की देवघेव मंदावते."

कोपऱ्यात काचेच्या दोन मोठ्या बरण्या होत्या. उंची, आकार, बूच, सगळं एक. एक गळ्यापर्यंत भरलेली, खांद्यावर रंगकामाची पांढरी भुकटी. दुसरी बरीच उतरलेली. तिच्या तोंडातून रबरी नळीचं टोक बाहेर लोंबत होतं.

"यांतली जड पाण्याची कोणती?"

"उतरलेली. दुसरीत रोजच्या वापराचं शुद्ध पाणी."

"तुम्ही ओळखता कसं? चिठ्ठ्यांची अक्षरं तर मुंगीएवढी आहेत."

"चिठ्ठी कोण वाचतो? इतकी वर्षं झाली. बरणी तिरकी करायची, हाताला कळतं," सर म्हणाले, आणि वाक्य संपता संपता त्यांचा आवाज उतरला.

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं. काळ्या चष्म्यामागे काय चाललं होतं, ते दिसण्यासारखं नव्हतं.

"बहिणीशी बोलणं कधीपासून बंद आहे?"

"वडील गेले तेव्हापासून. माझा प्रयोग चालू होता. आणखी एक दिवस, आणखी एक दिवस करत थांबलो. पोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. ती दारात उभी होती. सगळ्यांदेखत म्हणाली, यापुढे तुझ्या हातचं पाणीही घेणार नाही." त्यांनी टेबलावरचे कागद सारखे केले. "शब्दाची पक्की आहे ती."

गाडीत बसल्यावर भावजी म्हणाले, "माझ्या मते सहायक. बरणीला हात त्याचा, तक्रारही त्याचीच. चोराच्या उलट्या बोंबा."

"भावजी, तुमचा डावा खांदा कधी निखळला होता?"

"विसाव्या वर्षी."

"आणि दुखायला आजच लागला?"

*

गुरुवारी सकाळी वहिनींनी सगळ्यांना बीजकक्षात बोलावलं. मामांना फाटकातून आत आणायला संचालकांची परवानगी लागली. ती वहिनींनी कशी मिळवली, हे भावजींना आजतागायत कळलेलं नाही. ताई टेबलाच्या एका टोकाला उभ्या होत्या, सर दुसऱ्या. विद्यार्थिनी मधोमध. मामा दाराशी.

वहिनींनी फ्रीजमधून दोन्ही वाट्या काढल्या. एकीत पाणी हलत होतं. दुसरी वाटी त्यांनी उलटी केली. काही सांडलं नाही.

"एकच फ्रीज, एकच कप्पा, पारा दोनवर. साधं पाणी शून्यावर गोठतं. हे दोनवरच गोठलंय. म्हणजे फ्रीज बिघडलेला नाही, पोरी. तुझी बाटली कॅनला चिकटून होती आणि ती गोठली नाही, तेव्हाच हे दिसत होतं."

त्यांनी वाटीच्या बुडाला बोटं घासली आणि आतला बर्फ समोरच्या पाण्याच्या ग्लासात सोडला. बर्फ पाण्यावर क्षणभरही थांबला नाही. सरळ खाली गेला आणि तळाशी जाऊन बसला.

विद्यार्थिनीच्या तोंडून आवाज निघाला. "बेसिनमध्ये... तळाशी सापडला होता."

"हो. बर्फ शोधायला कुणी तळाशी हात घालत नाही. तो वर येतो. तुला तबकड्यांची काळजी होती, म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. आमच्या भावजींनी दोन कॅन उचलले. डाव्यातलं पाणी कमी, वजन जास्त. त्यांनी खापर खांद्यावर फोडलं. आणि पाणी तपासणाऱ्यांना त्यात काही सापडलं नाही, कारण त्यात दुसरं काही नव्हतंच. पाणीच दुसरं होतं."

"जड पाणी," ताई पुटपुटल्या. त्या शास्त्रज्ञ होत्या. पुढचं त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी टेबलाची कड धरली. "मामा, तुम्ही...?"

मामांनी मान खाली घातली.

"मामांनी चोरी केलेली नाही," वहिनी म्हणाल्या. "चोरी एकदा होते. जिन्याच्या वळणावर जाऊन बघा. रंगाऱ्यांनी सगळीकडे थेंब उडवलेत, पण कोपऱ्यात एक चौकोन स्वच्छ आहे. रंग चालू होता तेव्हाही तिथे कॅन होता. रंगाऱ्यांनी तो हलवलाही नाही, म्हणजे तो तिथलाच असं सगळे धरून चालत होते. आणि ताई, तुमच्या यंत्राला पिन नाही. नळीच्या तोंडाला कोळिष्टक आहे. त्यातून पाण्याचा थेंब पडून कित्येक महिने झालेत."

"मग दर शनिवारी..."

"दर शनिवारी मामा रिकामा कॅन वळणावर ठेवत. तो भरून परत तिथेच येई. मामा उतरवत. यंत्राच्या दुरुस्तीला कुणी दाद दिली नसेल, आणि वरचं पाणी तुम्ही घेतलं नसतं."

"चारदा मागणी केली," मामा दारातून म्हणाले. "ताईंचं काम अडलं असतं. सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, कॅन वळणावर ठेवत जा, पण तिला कळू देऊ नकोस. मी शब्द दिला."

ताईंनी पहिल्यांदा टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं.

"म्हणून मुद्दाम," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "वडिलांचे दाणे म्हणून मुद्दाम..."

"नाही," वहिनी तोडून म्हणाल्या. "मुद्दाम नाही. मुद्दाम करायचं तर इतके महिने चांगलं पाणी कशाला दिलं असतं? यांना बरणीवरची चिठ्ठी वाचायची सवय नाही. बरणी तिरकी करायची, हाताला कळतं. पण दोन आठवड्यांपूर्वी गुरुवारी डोळा कापला. त्या शनिवारी रजा असूनही आले, कारण वळणावर कॅन रिकामा असणार. एक डोळा बांधलेला, दुसरा धुरकट. सामान रंगासाठी हलवलेलं, बरण्यांच्या जागा बदललेल्या. आणि वाकायचं नाही, उचलायचं नाही ही डॉक्टरांची ताकीद. म्हणून या वेळी बरणी तिरकी केली नाही. रबरी नळी टाकून पाणी ओढलं. जो हात चूक पकडणार होता, तो बरणीला लागलाच नाही. नळी अजूनही त्याच बरणीत आहे."

वहिनी सरांकडे वळल्या.

"सर, मी एकच विचारते. तुम्हाला कधी कळलं?"

सरांनी चष्मा काढला. डोळा लाल होता. "मंगळवारी. सहायक म्हणाला, जड पाणी एक कॅन कमी आहे. बघितलं तर साध्या पाण्याची बरणी गळ्यापर्यंत भरलेली. ती भरलेली असायलाच नको होती."

"त्याच दिवशी मामा निलंबित झाले."

"हो."

"तेव्हा बोलला असतात तर दाणे दोन दिवस आधी त्या पाण्यातून बाहेर निघाले असते."

"जिना उतरलो होतो," सर म्हणाले. "वळणापर्यंत आलो. कॅन ठेवायचा तिथपर्यंतच जायची सवय पायांना. पुढच्या पायऱ्या उतरता आल्या नाहीत." मग टेबलाच्या पलीकडे बघून म्हणाले, "चिमे..."

या नावाने ताईंना कुणी हाक मारल्याचं संस्थेत कुणी ऐकलं नव्हतं.

"मला त्या नावाने हाक मारू नकोस," ताई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आणि मामांना का बाहेर बसवलंस? माझ्यावर राग होता तर माझ्यावर काढायचास."

"राग नव्हता. लाज होती."

भावजींना वाटलं, आता वहिनी काही शहाणपणाचं बोलतील. वहिनी व्यवहाराचं बोलल्या.

"दाणे मेलेत की नुसते अडलेत?"

दोघा भावंडांनी एकाच वेळी तोंड उघडलं आणि एकाच वेळी मिटलं. शेवटी सर म्हणाले, "काही बियाणं पुन्हा साध्या पाण्यात आणलं की जागं झाल्याचं वाचलंय. किती दिवस त्यात होतं, यावर आहे. आणि हे जुने..."

ताईंनी पुढचं ऐकलं नाही. कपाट उघडून त्या तबकड्या बाहेर काढू लागल्या. "पोरी, चाळणी घे. मामा, पाणी..." आणि तिथेच अडकल्या. यंत्र बंद होतं. शुद्ध पाणी इमारतीत एकाच ठिकाणी होतं.

मामा जागचे हलले नाहीत. ते ताईंकडे बघत होते.

ताईंनी शेल्फवरचा धुतलेला रिकामा कॅन काढला आणि कुणाकडेही न बघता स्वतःच जिन्याकडे निघाल्या. जरा वेळाने सरही मागोमाग गेले, कठडा धरून, एकेक पायरी चाचपत. ते वर काही बोलले का, हे कुणाला माहीत नाही. परत आल्या त्या एकट्या ताई. कॅन भरलेला होता. टेबलावर ठेवण्याआधी त्यांनी तो दोनदा हातात तोलून पाहिला.

*

परतीच्या वाटेवर भावजींनी विचारलं, "वहिनी, यात गुन्हेगार कोण?"

"विम्याच्या अर्जात यासाठी रकाना नसतो, भावजी. पुढे बघा, सिग्नल लागलाय."

तक्रार विभागाने मागे घेतली आहे. मामांच्या निलंबनाचा आदेश अजून रद्द झालेला नाही. ते बाकावर मात्र बसत नाहीत, आत येऊन काम करतात आणि संचालक ते न पाहिल्यासारखं करतात. यंत्राला पिन बसलेली नाही. कॅन आता वळणावर ठेवत नाहीत. ताई स्वतः वर नेतात, सर भरून देतात. दोघं बोलतात की नाही, याबद्दल मामा कानावर हात ठेवतात.

रविवारी दुपारी विद्यार्थिनीचा फोन आला. चार तबकड्यांमधले दाणे मऊ पडून कुजले. पाचवीत काही अजून टणक आहेत. त्यांतल्या एकाची साल सकाळी उकललेली दिसली. फटीतून पांढरं टोक आलंय, टाचणीच्या डोक्याएवढं. ताई भिंगातून बघून गेल्या. सरांनीही बघितलं, पण त्यांच्या डोळ्यावर अजून त्यांचा स्वतःचाच विश्वास नाही.

"मग काय आहे ते?" भावजींनी विचारलं.

मूळ आहे की बुरशी, ते अजून सांगता येत नाही, असं ती म्हणाली.